शुद्धीत असल्याचा दाखला

गुरुदास राऊळने आयुष्यात फॉर्मचा एकही रकाना कोरा सोडला नव्हता. तोंडवलीच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतात आणि मग भांडायला येतात. त्या गावच्या हायस्कुलात गुरुदास सव्वीस वर्षं क्लार्क होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तिथे साऱ्या महाराष्ट्रातले क्लार्क डोळे मिटून 'चांगली' लिहितात. गुरुदासने एकदा 'चांगली, परंतु छत्री विसरण्याची सवय' असं लिहिलं होतं, आणि त्या पोराचे आईबाप भांडून गेल्यावर हेडमास्तरांनी त्याला समोर बसवून चहा पाजून समजावलं होतं. समजला नाही.

हा झाला एक गुरुदास. दुसरा वर्षातून दोनदाच दिसायचा. दसऱ्याला आणि जत्रेला रवळनाथाच्या देवळातून तरंग बाहेर निघतो. तरंग म्हणजे दोन पुरुष उंचीची काठी, तिला देवाची लुगडी नेसवलेली, वर चांदीचं छत्र. ती काठी राऊळांच्या घरच्या पुरुषाने कमरेशी धरायची, ढोल वाजायला लागले की त्याच्या अंगात अवसार यायचा, आणि त्याच्या तोंडून देव बोलायचा. लोक आपली गाऱ्हाणी घालायचे, देव निवाडा द्यायचा. गुरुदासच्या पणज्याच्या अंगात यायचा, आज्याच्या यायचा, बापाच्या यायचा. बाप गेल्यापासून बावीस वर्षं हा मान गुरुदासकडे होता. चाळीस मिनिटं तो थरथरायचा, घुमायचा, बोलायचा. मग गावचे मुख्य मानकरी गंगारामकाका त्याच्या तोंडावर तीर्थ शिंपडायचे आणि तो डोळे उघडून, गोंधळलेल्या चेहऱ्याने, "काय झाला?" असं विचारायचा. त्याला काहीच आठवत नसायचं. तसा रिवाजच होता.

गुरुदासची एकुलती एक मुलगी गौरजा. वय एकोणीस. चिपीच्या विमानतळावर उतरणारं विमान त्यांच्या वाडीवरून जायला लागलं, तेव्हापासून तिने पायलट व्हायचं ठरवलं होतं. गावाने आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली, आणि बारावीला तिचे मार्क आले तेव्हा 'आमचा चेडू विमान चालवतला' म्हणून परगावात सांगायलाही लागलं. विमान शिकवणाऱ्या एका संस्थेत तिला जागा मिळाली होती. महिनाअखेरपर्यंत वैद्यकीय तपासणीचा दाखला जमा करायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. सगळं त्या एका दाखल्यावर अडलं होतं.

तपासणी म्हणताच सगळ्या गावाला वैद्यक सुचलं. कुणी डोळ्यांसाठी गाजरं आणून दिली. कुणी सांगितलं, तिथे एका पायावर अर्धा तास उभं करतात. गुरुदासच्या बायकोने, विमलाने, कानांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. रोज सकाळी ती स्वयंपाकघरातून अगदी हळू आवाजात विचारायची, "पिठी-भात व्हयो?" आणि विहिरीवरून गौरजा ओरडायची, "नको!" कान ठणठणीत आहेत याबद्दल विमलाची खात्री पटली.

डॉक्टरबाई पुण्याच्या. त्यांच्याकडून पूर्वेतिहासाचा सहा पानी फॉर्म आला. गौरजाने स्वतःची पानं भरली आणि घराण्याच्या आजारांचं पान बापापुढे सरकवलं. "आजोबांचा, पणजोबांचा माका काय ठावक? तुमी भरा." ही तिची चूक. तेवढीच एक चूक तिने केली, पण पुरेशी होती.

गुरुदासने चष्मा पुसला, पेन झटकलं आणि कामाला लागला. मधुमेह, नाही. दमा, नाही. रक्तदाब, आजोळी एकास, नाव व गाव सोबत. मग प्रश्न आला: कुटुंबात कुणाला झटके येणे, अंग थरथरणे किंवा शुद्ध हरपणे? तिथे गुरुदासचं पेन थांबलं. एखाद्याने 'नाही' लिहिलं असतं. पण राऊळांच्या घरात 'नाही' लिहायचं म्हणजे चार पिढ्यांचा मान नाकारायचा. बरं, प्रश्न सरकारी, आणि सरकारी प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. त्याने आपल्या वळणदार इंग्रजीत रकाना भरला, जागा पुरली नाही तेव्हा 'मागे पाहा' लिहून मागेही भरला. गौरजाने शेवटच्या पानावर सही केली. बापाने भरलेलं पान तिने उलटूनही पाहिलं नाही.

पुण्यात सगळं मजेत चाललं. गौरजाने अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ सुलट वाचली आणि कुणी सांगितलं नसताना उलटही वाचली. रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे तिने पान पुरतं उघडायच्या आत सांगितले. कान, नाक, घसा, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, उंची, वजन, सगळं पास. बाहेर बाकावर बसून गुरुदास येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मुलगी आत आहे. वैमानिक."

मग त्याला आत बोलावलं.

डॉक्टर शर्मिष्ठा दामले आधी हवाई दलात होत्या. केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. त्यांच्यापुढे फॉर्मचं ते पान होतं आणि समोर गौरजा बसली होती, चेहरा पार उतरलेला.

"राऊळ, हे तुम्ही लिहिलंय?"

"होय मॅडम," गुरुदास ऑफिसातल्या मराठीत शिरला. "सदर माहिती मीच भरलेली आहे."

डॉक्टरबाईंनी इंग्रजीचं मराठी करत वाचलं, "वडील. शुद्ध हरपणे, सर्वांग थरथरणे, अनोळखी आवाजात बोलणे. वर्षातून दोनदा. कालावधी अंदाजे चाळीस मिनिटे. चार पिढ्यांपासून वंशपरंपरागत."

"आजोबांचा कालावधी पाऊण तास होता," गुरुदास नम्रपणे म्हणाला, "पण पुरावा नसल्यामुळे लिहिला नाही."

"बाबा!" गौरजा म्हणाली. मग तिने घाईघाईने अवसार म्हणजे काय, तरंग म्हणजे काय, ते सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला देवाबद्दल काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण देवाचं मी लिहू शकत नाही. मेंदूचं लिहावं लागतं. राऊळ, मला एवढंच सांगा. हे सगळं झाल्यावर तुम्हाला त्यातलं काय आठवतं?"

बावीस वर्षं हा प्रश्न गुरुदासला वर्षातून दोनदा विचारला जात होता आणि उत्तर जिभेवर तयार असायचं. ते आपसूक बाहेर पडलं, आणि वर थोडा अभिमानही चढला.

"काहीएक आठवत नाही, मॅडम."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. गौरजाने डोळे मिटून घेतले. आपण काहीतरी भयंकर बोललो हे गुरुदासच्या लक्षात आलं, पण नक्की काय ते कळेना. डॉक्टरबाईंनी मग सांगितलं. बापाला काही आहे म्हणून मुलगी नापास होत नाही. पण चार पिढ्या झटके येतायत आणि नंतर काही आठवत नाही, असं लेखी समोर आल्यावर ते काय आहे हे कळल्याशिवाय त्या सही करू शकत नव्हत्या. तोपर्यंत फाइल थांबणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदासच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. पायलट व्हायचंय मुलीला, आणि तारा बापाच्या डोक्याला! पडल्या पडल्या त्याला वाटलं, देव आत असलाच तर या कागदावर तरी दिसेल. आलेख स्वच्छ निघाला.

"आलेख चांगलाच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण झटका नसताना आलेख चांगला येणं पुरेसं नसतं. त्या वेळी तुम्हाला शुद्ध असते की नसते, हा एकच प्रश्न आहे. नसेल तर पुढच्या तपासण्या करू, त्याला तीन-चार महिने जातील. असेल तर तसं लेखी द्या, आणि त्या वेळी तुमच्या शेजारी उभा असणाऱ्या जाणत्या माणसाची साक्ष त्याखाली आणा." मग त्या थोडं हसल्या. "काल तुम्ही काही आठवत नाही म्हणालात. घरी जाऊन नीट आठवून बघा."

"विचार करून यथावकाश कळवतो," गुरुदास म्हणाला.

आता खरं काय ते सांगायला हरकत नाही. गुरुदासला सगळं आठवायचं. बावीस वर्षांतला प्रत्येक दसरा, प्रत्येक जत्रा, प्रत्येक शब्द.

बाप गेला त्या वर्षी पहाटे विहिरीवर अंघोळ करून, दिवसभर उपाशी राहून, तो देवळात गेला होता. आज देव आपल्यात येणार म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. काठी हातात दिली. ढोल वाजले. आणि काही झालं नाही. पायाला डास चावत होता तोही कळत होता. सगळा गाव डोळे लावून बसलेला. गुरुदास इतका घाबरला की त्याचे हात थरथरायला लागले. ते पाहून बायकांनी हात जोडले, ढोल वाढले, आणि मग थांबायचं कसं हे त्याला कळेना. पुढच्या खेपेला खरा येईल, असं तो दर वेळी मनाशी म्हणायचा. आला नाही. लोकांना फसवतो याची लाज वाटायचीच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. पणजा, आजा, बाप, सगळ्यांकडे देव आला होता, आणि आपल्यालाच तेवढा टाकून पुढे गेला, असं त्याला वाटायचं. हे तो कुणाला सांगणार?

सांगितलं ते परतीच्या वाटेवर, कसालला. पुण्याची बस सकाळी तिथे उतरवून गेली. मालवणची एसटी यायला वेळ होता. टपरीवर दोघं चहा घेऊन बसली. गौरजा काल दुपारपासून एक शब्द बोलली नव्हती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "एक इचारू? चार वर्सांमागे जत्रेक देवान सांगलेल्यान, शिकाचा आसात त्या चेडवांका मालवणाक सायन्साक धाडूचा, कोणी आडवूचा नाय. ता कोण बोललो?"

गुरुदासने चहावरची साय बोटाने कपाच्या काठाला लावली.

"देवान एसटीचो टायम पण सांगलेल्यान," गौरजा म्हणाली. "सव्वासातची गाडी. रविवारी बंद."

"तू लहान व्हतंस," गुरुदास पुटपुटला. "सगळे नको म्हणत व्हते. माझा कोण ऐकता? माझा घरात पण कोण ऐकणा नाय."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. डासासकट. गौरजा हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने त्याच्या बशीत सांडलेला चहा कपात ओतून दिला.

"मगे ताच लिवन द्या डॉक्टरणीक."

"लिवलंय तर मान जायत गो. चार पिढ्यांचो."

"मगे रवांदे," ती म्हणाली. "माका परत कधीतरी जागा गावात. वर्सान, दोन वर्सान." हे ती रागाने म्हणाली असती तर गुरुदासला सोपं गेलं असतं. ती खरंच मनापासून म्हणाली, आणि गुरुदासने उरलेला चहा तसाच ठेवला.

घरी विमलाने आलेखाचा कागद उलटसुलट पाहिला.

"ह्या काय?"

"माझ्या मेंदूचो फोटो. आत कायएक नाय म्हणतत."

"ता माका लगीन झाल्यापासून ठावक आसा," विमला म्हणाली. "तेच्यासाठी पुण्याक कित्याक जावक व्हया व्हता?"

दोन दिवस गुरुदास जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी शाळेत बसून त्याने अर्ज लिहिला: 'सदर अवसाराच्या वेळी मी पूर्ण शुद्धीत असतो व घडलेले सर्व मला नंतर आठवते.' एवढं वाक्य लिहायला त्याला अख्खी दुपार लागली. सव्वीस वर्षांत त्याने हजारो दाखले लिहिले होते, पण स्वतःविरुद्ध हा पहिलाच. मग कागद घेऊन तो गंगारामकाकांकडे गेला.

गंगारामकाका पंचाहत्तरीचे. काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. कागद त्यांनी हात लांब करून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"म्हणजे बावीस वर्सां तू जागो व्हतंस."

गुरुदासने मान खाली घातली. "होय."

"माका ठावक आसा."

गुरुदासला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "केवापासना?"

"खालच्या वाडीतलो बांधाचो वाद आठवता? देव अवसारात काय म्हणालो? सातबाराची सही-शिक्क्याची नक्कल हाडा, दोन प्रतीत." गंगारामकाकांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "देवाक दोन प्रती कित्याक व्हयेत रे?"

गुरुदासचे कान तापले. "मगे इतकी वर्सां तुमी बोललास कित्याक नाय?"

"निवाडो बरो व्हतो. तुझो बापूस अवसार इलो काय गाळी घालायचो. लोक भियान घराक जायचे आणि थयसर भांडायचे. तू इलंस आणि लोक कागदपत्रां घेवन येवक लागले. गावातली अर्धी भांडणां सुटली. देवाक आणखी काय व्हया?" त्यांनी खिशातून पेन काढलं, पण सही केली नाही. "पण गुरुदासा, एक सांगतंय. माका ठावक, तुका ठावक, तोपर्यंत ता देवाक ठावक. हयसर सही पडली काय गोष्ट येगळी. शुद्धीत आसलेल्या माणसाच्या हातात मिया तरंग कसो देवू?"

"पुण्याक गेलेलो कागद हयसर कोण हाडतलो, काका?"

"तूच हाडतलंस. तुझ्याकडे झेरॉक्स आसतलीच."

गुरुदासच्या शर्टाच्या आतल्या खिशात तीन झेरॉक्स होत्या. बियांवर बसलेला कावळा गंगारामकाकांनी हाकलला आणि पेन तसंच धरून वाट पाहत राहिले.

काठीचा गुळगुळीत स्पर्श गुरुदासला आठवला. बापाच्या हाताने झिजलेली जागा आणि त्याच्याही खाली आज्याच्या हाताने झिजलेली. देव त्याच्याकडे कधी आला नव्हता हे खरं, पण निदान काठी हातात होती तोवर वाट तरी बघता येत होती. आता वाट बघणंही संपणार. त्याला रडू आलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी काजूच्या बियांपुढे उभं राहून रडायचं कसं हे न कळून तो नुसताच नाक ओढत राहिला.

"करा सही," तो म्हणाला.

दाखला आठ दिवसांत आला. 'पात्र.' गौरजाने तो शब्द मोठ्याने वाचला आणि बापाला इतकी घट्ट मिठी मारली की त्याचा चष्मा वाकडा झाला. विमलाने शेजारच्या चार घरांत गोड शिरवाळ्या करून पाठवल्या. गुरुदासने दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढल्या.

मग दसरा आला. गौरजा त्यानंतर चार दिवसांनी निघणार होती.

तरंग या वर्षी सर्वेश धरणार होता. सर्वेश हा गुरुदासच्या चुलतभावाचा मुलगा, मालवणात मोबाईलची कव्हरं विकायचा. गुरुदासची कंबर धरली आहे असं गंगारामकाकांनी गावाला सांगितलं होतं, आणि गावाने 'बरा, बरा' म्हणून ऐकून घेतलं होतं. गुरुदास मात्र सवयीने पहाटे उठला, विहिरीवर अंघोळ केली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. विमला ओरडली, पण बावीस वर्षांची सवय होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा देवळापुढे गाव जमला. गुरुदास बावीस वर्षांत पहिल्यांदाच गर्दीत उभा होता. सर्वेशच्या हातात काठी दिली. ढोल वाजले. सर्वेश उभा राहिला. ढोल वाढले. सर्वेश उभाच. पुढे सत्यवतीकाकी पदर खोचून प्रश्न घेऊन उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून एकट्याच राहायच्या. मुलगा मुंबईला चल म्हणून मागे लागला होता आणि यांचं मन होत नव्हतं. जाऊ की राहू, हे त्या फक्त देवालाच विचारणार होत्या. सर्वेशच्या कपाळावर घाम आला. तो इकडेतिकडे बघू लागला, आणि त्याची नजर गुरुदासवर येऊन थांबली.

ती नजर गुरुदासला ओळखीची होती. बिचाऱ्या पोराला सांगावं, घाबरू नको रे, नुसते हात सैल सोड, बाकीचं आपोआप होतं. तेवढं कानात सांगावं म्हणून गुरुदास गर्दीतून वाट काढत पुढे गेला. ढोलांच्या अगदी जवळ आला. सर्वेशच्या खांद्यावर हात ठेवायला त्याने हात उचलला.

मग त्याला देवळाचं छप्पर दिसलं. कौलं मोजता येतील इतकं स्वच्छ. आपण उताणे का पडलोय, हे त्याला कळेना. तोंडात माती होती, घसा सोलवटल्यासारखा झाला होता आणि डोकं विमलाच्या मांडीवर होतं. ढोल बंद झाले होते. मगाशी तुळशीच्या कट्ट्यावर असलेलं ऊन आता चढून कौलांच्या शेंड्याला गेलं होतं. गाव त्याच्याकडे बघत होता, पण दर वर्षीसारखा नव्हे. लोक चार पावलं मागे सरकून हात जोडून उभे होते. सर्वेश काठी धरून घळाघळा रडत होता.

"काय..." गुरुदासने तोंड उघडलं.

गौरजा एकेकाचा मोबाईल खाली करायला लावत होती. ती धावत आली, त्याच्यावर वाकली आणि त्याच्या कानाला तोंड लावून बोलली.

"बाबा, तुमका सगळा आठवता."

हा प्रश्न नव्हता. गुरुदासने तिच्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्याला उमगलं. ढोलाजवळ उचललेला हात आणि कौलांच्या शेंड्याला गेलेलं ऊन, यांच्या मधलं काहीही त्याच्याकडे नव्हतं. एक शब्द नव्हता. डास चावला होता की नाही, तेही ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं आठवत असताना नाही म्हणाला होता, आणि आज...

त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. त्याला उठून नाचावंसं वाटलं. त्याला बापाला हाक मारून सांगावंसं वाटलं.

गंगारामकाका पुढे आले. नेहमी तीर्थ शिंपडताना ते डोळा बारीक करून त्याच्याकडे बघायचे. आज ते त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

"उपासान घेरी इली तेका," ते गावाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले. मग खाली वाकून, अगदी हळू, "गुरुदासा, आठवता मा रे? मिया सही केलंय."

"सगळा आठवता, काका," गुरुदास म्हणाला. "पयल्यापासना."

गौरजाने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सत्यवतीकाकी आल्या. त्यांचा चेहरा ओला होता आणि त्या हसत होत्या. गुरुदासपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, तरी त्या वाकल्या आणि त्यांनी त्याच्या पायांना हात लावला.

"माझ्या मनातला तुका कसा रे कळला?" त्या म्हणाल्या. "ह्यांची गोष्ट मी कोणाक सांगूक नव्हतंय. आता माका काळजी नाय. तू सांगलंस तसाच करतंय. करू मा?"

गुरुदासने त्यांच्याकडे पाहिलं. आपण काय सांगितलं होतं? जा म्हणालो, की राहा? त्यांच्या नवऱ्याची कसली गोष्ट? आपल्या तोंडून नेमके कुठले शब्द गेले, ते ऐकायला त्याने काय वाटेल ते दिलं असतं. समोर सगळा गाव उभा होता, आणि गावातल्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं. कुणालाही विचारता आलं असतं. त्याला एकट्यालाच विचारता येणार नव्हतं. आजही नाही, आणि गौरजा विमान उडवत असेल तोपर्यंत कधीच नाही.

"कर, काकी," तो म्हणाला. "तसाच कर."

सत्यवतीकाकी डोळे पुसत निघून गेल्या. त्या कुठल्या वाटेला वळतात हे तो मान उंच करून बघत होता, पण त्या नुसत्या घराकडे गेल्या. विमलाने त्याला उठवून बसवलं आणि शहाळं पाजलं. गौरजाने त्याचा हात धरला होता. तो तिने घरी पोचेपर्यंत सोडला नाही.